कॉलरच्या आतला ठिपका

३ ऑक्टोबर, सोमवार

चिंगी,

वर आशीर्वाद लिहायचे की नाहीत ते ठरेना, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे. हवे असतील तर आहेत असं समज.

सहा वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणून लगेच डोळे पुसायला बसू नकोस. हे धंद्याचं पत्र आहे. पुलापलीकडच्या आपल्या काउंटरवरून आज तुमच्या घरचं बोचकं आलं, त्यात तुझ्या मास्तरांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात उघडं पेन होतं. माणूस शाळेत चित्रकला शिकवतो हे मला माहीत आहे, पण चित्रं कागदावर काढायची असतात. त्या एका पेनापायी ड्रममधले अकरा कपडे निळे झाले आणि ते मला स्पिरिट लावून एकेक करून हाताने साफ करावे लागले. इस्त्रीकाका टेबलामागे उभे राहून हसत होते. म्हणाले, "घास बाबा, घास. जावयाचा शर्ट आहे." मी म्हटलं, "चारशेबारा नंबरचा शर्ट आहे."

फोन केला असता, पण मी करत नाही आणि केला तरी तू उचलणार नाहीस, त्यामुळे तो प्रश्न मिटलेला आहे. हे पत्र शर्टाच्या घडीत पुठ्ठ्यामागे ठेवतो. आईच्या वळणावर गेली असशील तर पुठ्ठे टाकून देत नसशील.

तुला वाटत असेल की दादाला माझं काही माहीत नाही. अगं, ज्याच्याकडे घरचे कपडे येतात त्याच्यापासून काय लपतं? पहिल्या वर्षी एक महिनाभर तुमच्या चादरी रोज बदलल्यासारख्या यायच्या, तेव्हाच मी ओळखलं की तू आजारी आहेस. मग चार वर्षांपूर्वी बोचक्यात सहा झबली निघाली. तुझ्या वहिनीने ती हातात घेतली ती कितीतरी वेळ खाली ठेवलीच नाहीत. आता तुझी पोर चिखलात खेळते, पडते ती नेहमी डाव्या गुडघ्यावर आणि तिला जांभळा रंग आवडतो. एवढं मला माहीत आहे. नाव माहीत नाही.

आमचं बरं चाललं आहे. बरं म्हणजे चांगलंच. महिनाभर झाला, वरच्या गल्लीतले एक वकीलसाहेब गिऱ्हाईक झालेत. बारा पांढरे शर्ट, कडक खळ, मान साडेपंधरा. नोकराच्या हाती कपडे पाठवत नाहीत, स्वतः येतात. आणि आले की दारातून परत न जाता आत येऊन आपल्या बाकावर बसतात. बाबांच्या हयातीत वरच्या गल्लीतलं माणूस उंबरा ओलांडून आत आलेलं तू पाहिलं होतंस का? हे मला "तुम्ही" म्हणतात. चहा घेतात, आपल्याच कपातून. तुझी वहिनी म्हणते, हल्ली मी दुकानात जाताना भांग पाडतो. ती काहीही म्हणते.

तुझा तो निळा कोट अजून आहे का? थंडी सुरू होईल म्हणून विचारलं.

— लाँड्रीवाला

१० ऑक्टोबर, सोमवार

चिंगी,

या वेळी एकाही खिशात पेन नव्हतं. म्हणजे पत्र पोचलं. चार ओळी लिहिल्या असत्यास तर तुझ्या बोटांची झीज झाली असती असं नाही, पण असो. रिकामा खिसा हेही उत्तरच धरतो.

परवा वकीलसाहेबांबरोबर फार छान गप्पा झाल्या. त्यांना जुन्या धंद्यांची आवड आहे. म्हणाले, "तुमच्याकडे रोज चारशे कपडे येतात, सगळे एकसारखे पांढरे. कुठला कुणाचा हे तुम्हाला कळतं तरी कसं?" आता हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला होता? लोकांना आपला शर्ट परत मिळाल्याशी मतलब. मी त्यांचाच एक शर्ट घेतला, कॉलर उलटी केली आणि आतल्या पट्टीवरची खूण दाखवली. आकडा म्हणजे घर, हे सांगितलं. ते म्हणाले, "आणि या आकड्याखालच्या दोन रेघा?"

मग ओघात आजोबांच्या तीन हौदांचा विषय निघाला. तुला आठवतात ते हौद? आपण लहान असताना त्यातल्या एकामागे तू कोळशाचं पोतं लपवायचीस. वरच्या गल्लीचा पहिला हौद, आपल्यातल्यांचा दुसरा, मास्तरांच्या लोकांचा, म्हणजे त्यांच्यातल्यांचा, तिसरा. एकाचे कपडे दुसऱ्याच्या पाण्यात पडले तर गिऱ्हाईक तुटायचं, म्हणून आजोबांनी खुणा ठरवल्या. वरच्या गल्लीला दोन रेघा, आपल्यातल्यांना एक रेघ, त्यांच्यातल्यांना ठिपका. गठ्ठा खाली-वर झाला तरी कॉलर उलटली की कुठल्या हौदाचं ते कळलंच पाहिजे. आणि गंमत म्हणजे तिन्ही हौदांतलं सगळ्यांचं पाणी उपसणारे आपण, पण आपल्या धुणाऱ्या घराचे स्वतःचे कपडे कुठल्याच हौदात चालायचे नाहीत. आजी ते मागच्या दाराशी बादलीत धुवायची.

हौद पाडून मशीन आणल्याला आता वीस वर्षं झाली. सगळ्यांचे कपडे एकाच ड्रममध्ये एकमेकांच्या गळ्यात पडून फिरतात आणि कुणाला काही होत नाही. पण खुणा तशाच राहिल्या. नवा कपडा आला की आकडा घालायचा आणि खाली रेघ किंवा ठिपका द्यायचा. का, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. पुलापलीकडचे कपडे गुरुवारी आणि वरच्या गल्लीचे सोमवारी पोचवायचे, हेही तेव्हापासूनच.

हे सगळं मी वकीलसाहेबांना रंगवून सांगितलं. त्यांनी एक छोटी डायरी काढून काहीतरी टिपून घेतलं. मला वाटलं, आपला धंदा कुणाला तरी लिहून ठेवण्याच्या लायकीचा वाटला.

इस्त्रीकाका तेवढ्या वेळात एकाही शर्टावर इस्त्री फिरवू शकले नाहीत. इस्त्री उभी करून ठेवली होती आणि वकीलसाहेबांच्या बुटांकडे बघत होते. साहेब गेल्यावर काका म्हणाले, "मालक, एवढं सगळं सांगायची गरज होती का?" ते मला मालक फक्त चिडले की म्हणतात. मी म्हटलं, "काका, सुशिक्षित माणूस आहे." ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

काका त्यांच्यातले आहेत हे मी विसरूनच गेलो होतो. एकतीस वर्षं एका छताखाली काढली की असं होतं. तुला लिहिताना आठवलं.

— दादा

१८ ऑक्टोबर, मंगळवार

चिंगी,

हे पत्र पुठ्ठ्यात घालत नाही. तुझी वहिनी स्वतः टोपलीत भाजीखाली घालून काउंटरवर आणते आहे. तू कपडे न्यायला येशील तेव्हा तुझ्या हातात देईल. तिच्याशी बोललीस तरी चालेल, तिने तुझं काहीच वाईट केलेलं नाही.

आधी काम सांगतो. घरातल्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरच्या आत जी खूण आहे, ती आजच्या आज कापून टाक. मास्तरांचे सगळे शर्ट, तुझे, पोरीचे. ती शाई धुऊन जात नाही, घासून जात नाही, स्पिरिटने जात नाही. आजोबांना तिचा फार अभिमान होता. कात्रीनेच काढावी लागेल.

कारण सांगतो. पुलावर समितीची माणसं उभी असतात हे तू रोज बघत असशील. शहर नीटनेटकं ठेवायला नेमलेली नागरिक समिती आहे म्हणे. आधी ती नुसती रहदारी बघायची. काल सकाळी दवाखान्यातला कंपाउंडर तिथून चालला होता. उंच, गोरासा, नेहमी पॉलिश केलेले बूट, तो. आठ वर्षं दवाखान्यात आहे आणि तो कुणातला आहे हे तिथे कुणाला माहीत नव्हतं, त्यानेही कधी सांगितलं नव्हतं. त्याला थांबवलं. नाव विचारलं नाही, कागद मागितला नाही. एकाने मागून येऊन त्याची कॉलर धरली आणि उलटी केली.

हे मला स्वतः कंपाउंडरच्या बायकोने सांगितलं. त्याचे कपडे घेऊन आली होती. एका शर्टाची कॉलर मुळापासून उसवली होती. ती म्हणाली, "तुमच्याकडे शिवून मिळेल का?" मी विचारलं, "आता कसे आहेत ते?" तर म्हणाली, "दवाखान्यात आहेत. पण कामावर नाहीत." आणि ती माझ्याकडे बघत राहिली, चिंगी. माझ्यावर आरोप करत नव्हती, नुसती बघत होती. मी शर्ट घेतला आणि पावती करायचं विसरलो.

हे मी वकीलसाहेबांना सांगितल्यामुळे झालं असं काही नाही. खुणा काय, आपल्याकडे येणाऱ्या कुणीही पाहिल्या असतील. असं मी काल दिवसभर स्वतःला सांगत होतो. आज सांगत नाही. ठिपक्याचा अर्थ बाहेरच्या एकाच माणसाला माहीत होता, आणि त्याला तो मी चहा पाजून सांगितला.

मास्तर शाळेसाठी रोज पूल ओलांडतात. आजच काप.

— दादा

२४ ऑक्टोबर, सोमवार

चिंगी,

बोचकं उघडलं आणि जीव भांड्यात पडला. प्रत्येक कॉलरच्या आत चौकोनी भोक, आणि त्याच्या कडा तू काज करावं तशा शिवून काढल्या आहेत. धागे लोंबायला नकोत, नाही का? घर पेटलं तरी आधी अंथरुणाच्या घड्या घालशील तू. वहिनी म्हणाली की तू तिच्याशी बोललीस. काय बोललीस ते मात्र सांगत नाही. दोघी मिळून पुन्हा मला कोपऱ्यात ठेवणार असं दिसतं. ठेवा.

तुझ्या वहिनीने आणि मी ठिपक्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना हळूच तेच सांगितलं. कुणाला काउंटरवर, कुणाला जिन्यात. बहुतेकांनी कापलंय. एक म्हातारे गृहस्थ मात्र भडकले. म्हणाले, "माझ्या शर्टावर तुम्ही ठिपका काढला, विचारून काढला होता का? आता कापायचंही मीच?"

निळा कोट मात्र बोचक्यात नव्हता. टाकून दिलास का? टाकलास तर हरकत नाही.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. वकीलसाहेब शुक्रवारी आले होते. तसेच हसतमुख. या वेळी म्हणाले, "आकडा कुठल्या घराचा हे कुठेतरी लिहिलेलं असेलच ना? वही वगैरे?" मी म्हटलं, सगळं डोक्यात आहे. ते हसले. म्हणाले, "चारशे घरं डोक्यात? मग तुम्ही वकील व्हायला हवं होतं." आणि मी हसलो, आणि हसता हसता माझी नजर मागच्या फळीकडे गेली. तिथे आजोबांची लाल पुठ्ठ्याची वही असते. त्यांनीही तिकडे बघितलं. मग फार गोड आवाजात म्हणाले की, समितीला ही वही चार दिवस बघायला हवी आहे, धंद्याला कसलाच त्रास होणार नाही, उलट समितीच्या कचेरीचे सगळे पडदे आणि गणवेश यापुढे आपल्याकडेच येतील. एकतीसला, सोमवारी, दुपारी चार वाजता न्यायला येतो म्हणाले.

मी हो म्हटलं. माझ्या तोंडून होच आलं, चिंगी. सात पिढ्या त्या गल्लीतल्या लोकांना आपण "हो साहेब" म्हणत आलो, तोंडाला दुसरं वळणच नाही.

— दादा

२७ ऑक्टोबर, गुरुवार

चिंगी,

इस्त्रीकाका गेले. म्हणजे काम सोडून गेले. आधी तेच सांगतो, नाहीतर तू भलतंच वाचशील.

सकाळी नेहमीसारखे आले. तुमच्या पुलापलीकडच्या गठ्ठ्यातला एक शर्ट टेबलावर पसरला, कॉलर उलटी केली आणि माझ्यासमोर धरली. म्हणाले, "हे काय आहे?" मी म्हटलं, "भोक आहे. खूण कापली." म्हणाले, "वरच्या गल्लीतल्या कुणाच्या कॉलरला आहे का असं भोक? तुझ्यातल्या कुणाच्या?" ते म्हणाले, "ठिपका बघायला निदान वाकून उजेडात बघावं लागत होतं. भोक अंधारातसुद्धा बोटाला लागतं." आणि त्यांनी बोट त्या भोकातून आरपार घालून दाखवलं.

मी घरोघर जाऊन, विश्वासाने, हळू आवाजात, लोकांना एक नवी खूण वाटत होतो.

काकांनी इस्त्री बंद केली, वायर नीट गुंडाळली, एप्रन काढून त्याची घडी केली. मी म्हटलं, "काका, मी काय करू?" बाबा गेले तेव्हासुद्धा मी हेच विचारलं होतं आणि तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. या वेळी म्हणाले, "मला विचारू नकोस. एकतीस वर्षं माझ्या स्वतःच्या शर्टावर ठिपका आहे. तुझ्या बाबांनी दिला, पुढे तू देत राहिलास. मला वाटायचं, कधीतरी तूच विचारशील, काका, हा कशाला हवा?" आणि गेले. त्यांचं टेबल तसंच आहे. मी त्याच्यावर काही ठेवलेलं नाही.

आता कोटाबद्दल लिहितो. काका गेले नसते तर मी हे कधीच कबूल केलं नसतं.

तू घर सोडून गेलीस तेव्हा तो निळा कोट अंगावर होता. आईने कापड आणलेलं, बाबांनी स्वतः बसून शिवून घेतलेला, कॉलरच्या आत आपल्या घरचा पहिला आकडा, एक, आणि खाली रेघ. हौदात जागा नव्हती तरी रेघ आपण आपल्यालाही दिलीच होती. तिसऱ्या आठवड्यात तो पुलापलीकडच्या पहिल्या बोचक्यातून धुवायला आला. तू तो मुद्दाम पाठवला होतास हे मला आज कळतं. घरचं माणूस कोट बघेल, ओळखेल, काहीतरी म्हणेल. काका म्हणाले, "याला खूण आहे, तसाच धू." मी म्हटलं, "घर बदललं, खूण बदलली." मी दौत घेतली, आपला एक खोडला, चारशेबारा घातला आणि खाली ठिपका दिला. शाई सुकावी म्हणून वर फुंकरही घातली.

त्यानंतर तो कोट तू कधी पाठवला नाहीस आणि माझ्याशी बोललीही नाहीस. लोकांना मी सांगत आलो की बहिणीने लग्न करून आम्हाला तोडलं. लग्नाचा राग माझा होता. तुला तर भाऊ हवा होता. ठिपका देऊन तोडलं ते मी.

आणि ती सहा झबली. तळहाताएवढी. वहिनीच्या हातातून घेऊन मी एकेकाच्या गळ्याशी ठिपका दिला. पोर जन्माला येऊन आठ दिवस झाले नव्हते.

हे वाचून पत्र फाडलंस तरी चालेल. पण मास्तरांना भोकाचे शर्ट घालू देऊ नकोस. सदरा, स्वेटर, काहीही घालू दे. गळाबंद.

— दादा

३१ ऑक्टोबर, सोमवार

चिंगी,

आशीर्वाद. मास्तरांना, तुला आणि पोरीला. या वेळी जागा मोकळी सोडलेली नाही.

सकाळी आठ वाजता काउंटर उघडायच्या आधी बोचकं आलं. त्यात फक्त निळा कोट होता आणि खिशात तुझी चिठ्ठी. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून ओळ खाली उतरतेच तुझी. मी ती इतक्यांदा वाचली की पाठ झाली आहे, तरी इथे उतरवतो, म्हणजे मी काय समजलो ते तुला कळेल.

"दादा, तुझं पत्र मिळण्याआधीच यांना गुरुवारी संध्याकाळी पुलावर अडवलं. कॉलरला भोक लागलं म्हणून बाजूला उभं केलं. दोन तासांनी सोडलं. मंगळवारी सकाळी समितीच्या कचेरीत यायला सांगितलंय, हाच शर्ट घालून. भोकवाले आणखी चाळीस-पन्नास जण बोलावलेत. पळून कुठे जाणार? पूल एकच आहे. तू कापायला सांगितलंस ते सगळं मी कापलं. हा कोट मी कापणार नाही. हा तू काप."

आणि खाली पोरीचं नाव. दुसरं काही नाही. छान नाव आहे, चिंगी. आईला आवडलं असतं.

मी कोट टेबलावर घेतला, काकांच्या. कॉलर उलटी केली. खोडलेला एक, रेघ, चारशेबारा, ठिपका. सगळं माझ्याच अक्षरात. कात्री घेतली आणि कापलं. हाताला भोक लागलं तेव्हा मला कळलं की आज सोमवार आहे.

सोमवारी वरच्या गल्लीचे कपडे जातात. तयार गठ्ठे फळीवर होते. वकीलसाहेबांचे बारा, समितीच्या अध्यक्षांचे नऊ, पुलावर उभ्या राहणाऱ्यांचे गणवेश, त्यांच्या बायकांचे कोट, त्यांच्या पोरांचे शाळेचे शर्ट. आपल्यातल्यांचेही सगळे. मी तुझ्या वहिनीला बोलावलं. ती आली, तिने फळीकडे बघितलं, माझ्या हातातल्या कात्रीकडे बघितलं आणि शिवणाच्या डब्यातली दुसरी कात्री घेऊन समोर बसली. पहिला शर्ट वकीलसाहेबांचा. दोन रेघा. खळ इतकी कडक होती की कात्रीचा आवाज पुठ्ठा कापल्यासारखा आला.

मी कापत गेलो आणि ती तुझ्यासारखे काजाचे चार-चार टाके घालत गेली. तू काउंटरवर तिला टाका दाखवला होतास म्हणे. बोलणं झालं ते हेच का? दोन वाजेपर्यंत तीनशे चाळीस झाले. बोटांना फोड आलेत, अक्षर त्यामुळे असं. घालणाऱ्याला आपल्या मानेमागे काय आहे ते दिसत नाही. घडी घातलेली कॉलर कुणी उलटी करून बघत नाही, दुसऱ्याची सोडून. अडीच वाजता गाडी गेली. गाडीवाला म्हणाला, "आज लवकर?" मी म्हटलं, "थंडी पडली आहे, लोकांना कपडे लागतील."

उद्या सकाळी मास्तर कचेरीत जातील तेव्हा दारावर उभ्या असलेल्याच्या मानेमागे भोक असेल. आत खुर्चीवर बसलेल्याच्याही. मास्तरांना म्हणावं, घाबरून खाली बघू नका. कुणी त्यांची कॉलर धरली तर त्यांनी एवढंच म्हणावं, "तुमची बघू?" पुढे काय होईल ते मला माहीत नाही. चांगलंच होईल असं मी लिहिणार नाही. त्या लोकांना भोक दिसलं की ते आधी हसतील की आधी माझ्याकडे येतील, हेही माहीत नाही. बहुतेक माझ्याकडे येतील.

लाल वही बॉयलरमध्ये घातली. पुठ्ठा जाड होता, वेळ लागला. आजोबांचं अक्षर जळताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यांनी पोट भरायला केलं होतं ते. मी कशासाठी केलं हे मला सांगता येणार नाही. तसंच करतात म्हणून केलं.

खुणा नाहीत म्हणजे लाँड्री संपली, हे तुला वेगळं सांगायला नको. पुढच्या वेळी चारशे कपडे आले तर मी काय करणार? पण तो पुढच्या वेळेचा प्रश्न आहे.

चार वाजायला वीस मिनिटं आहेत. तुझी वहिनी बोचकं घेऊन पुलाकडे निघते आहे आणि आज ती तुमच्याकडेच राहील, मीच सांगितलं आहे. ती नको म्हणत होती. तिला परत पाठवू नकोस. इस्त्रीकाका तुमच्याच बाजूला राहतात, त्यांना निरोप दे की टेबल त्यांचंच आहे आणि मी विचारलं आहे. काय विचारलं ते त्यांना कळेल.

कोट पोरीला मोठी झाल्यावर होईल. गुरुवारी मास्तरांचा एक शर्ट इथेच राहिला होता; बोचक्यात तो नसेल, दुसराच निघेल. रागावू नका. घाईत वकीलसाहेबांच्या गठ्ठ्याशी अदलाबदल झाली. उद्या मास्तरांनी तोच घालावा. आता पांढरे शर्ट सगळे सारखे आहेत आणि मान दोघांचीही साडेपंधराच आहे.

वकीलसाहेबांसाठी एक शर्ट काउंटरवर बाजूला काढून ठेवला आहे, घडी करून, पुठ्ठा घालून. चहा सांगितला आहे. ते वही मागतील. मग विचारतील, यातला कुठला कपडा कुणाचा. मी खरं तेच सांगेन, की आता मलाही ओळखता येत नाही.

तुझा,
दादा